फ्लॅट घेताय? मग घर ओलं असताना बघा

आमच्या मामाने डोंबिवलीत रीसेलचा फ्लॅट घेतला तेव्हा टोकन दिलं अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर, आणि घर बघितलं त्याच्या आठवडाभर आधी, भर दुपारी. भिंती लख्ख, बेडरूमच्या एका भिंतीला छान वॉलपेपर, मामी तर त्या वॉलपेपरवरच खूश झाली होती. जुलैत मामाचा फोन आला, अरे वॉलपेपरला फुगे आलेत आणि कपाट उघडलं की कुबट वास मारतोय. मी गेलो, वॉलपेपर एका कोपऱ्यातून सोडवला तर मागचा गिलावा नुसत्या बोटाने सुटत होता, कारण भिंतीच्या पलीकडे बाथरूम. दीड लाख गेले, सव्वा महिना घरात धूळ, आणि मामीचं त्या घरावरून मन उडालं ते वेगळंच.

मी चौदा वर्षं साइटवर काढलीयेत, त्यातली बरीचशी वॉटरप्रूफिंग आणि रिपेअरिंगच्याच कामांवर, आणि माझ्या सख्ख्या मामाने टोकन देऊन झाल्यावर मला सांगितलं याची मला अजून खंत वाटते. त्यामुळे आता नात्यातलं, ऑफिसातलं कोणीही घर बघतंय असं कळलं की मीच म्हणतो थांब, मी येतो. सगळ्यांकडे काही मी पोचणार नाही, म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आपल्याकडच्या घरांतले बहुतेक लपलेले दोष पाण्याचे असतात, आणि पाणी उन्हाळ्यात दिसत नाही. मार्च ते मे भिंती खडखडीत वाळतात, त्यावर पुट्टी आणि रंगाचा हात मारला की घर नव्यासारखं दिसतं. त्यामुळे घर ओलं असताना बघा. पावसाळ्यात बघा, चार दिवस सलग पाऊस पडून गेला की लगेच जा. मला स्वतःला पितृपक्ष सगळ्यात बरा वाटतो, लोक त्या पंधरवड्यात व्यवहार करत नाहीत, नका करू, टोकन नवरात्रात द्या, पण बघायला जायला काय हरकत आहे? पावसाळा संपत आलेला असतो, भिंतींनी प्यायचं तेवढं पाणी पिऊन झालेलं असतं, एजंटकडे गर्दी नसते आणि घाई कोणी करत नाही. पावसाळ्यात जमलंच नाही तर आपण पाणी ओतून घर ओलं करायचं, ते कसं ते पुढे सांगतो.

सोबत काय न्यायचं तर मोबाईलचा टॉर्च, मेजरिंग टेप, पाच रुपयाचं जाड नाणं, एक पेन्सिल, आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तो तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर. आणि दोन तास. दहा मिनिटांत घर बघून होत नाही. एजंट घाई करायला लागला तर दुसऱ्या दिवशी परत जा, पण घाईत होकार देऊ नका.

आधी बाथरूम. हॉल बघून हुरळायच्या आधी बाथरूम.

आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो, त्याला संकन म्हणतात, त्या खड्ड्यात ड्रेनेजचे पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि कोबा भरतात, मग फरशी. तळाचं वॉटरप्रूफिंग नीट नसलं किंवा नहाणी ट्रॅपचा (पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचा) जॉइंट सुटला की पाणी या खड्ड्यात साठत राहतं आणि फरशी वरून कोरडी ठाक दिसते. ते पाणी मग दोनच दिशांनी बाहेर येतं, खालच्या फ्लॅटच्या सीलिंगमधून किंवा शेजारच्या खोलीच्या भिंतीच्या तळातून. म्हणून बाथरूमची तपासणी बाथरूमच्या बाहेरून सुरू करा. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीचा खालचा फूटभर भाग, तिथलं स्कर्टिंग, दाराच्या चौकटीचा तळ, आणि त्या भिंतीला कपाट असेल (बहुतेक ठिकाणी असतंच) तर कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा उघडून आत डोकं घालून वास घ्या. प्लायवूडचं सनमायका तळाशी सुटलंय का, मागच्या फळीवर काळे ठिपके आहेत का. रंग खोटं बोलू शकतो, कपाटाचा तळ नाही.

मग आत जा आणि ट्रॅपपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात एक बादली पाणी ओता. दहा मिनिटांनी बघा, पाणी कोपऱ्यात तळं करून बसलंय की ट्रॅपकडे गेलंय. उतार चुकलेला असेल तर तो सगळी फरशी उचलल्याशिवाय दुरुस्त होत नाही, कोणी म्हणालं ग्राउटिंग करून (फरशांच्या फटी भरून) देतो तर ऐकू नका. बाथरूमची फरशी बाहेरच्या खोलीपेक्षा खाली आहे ना आणि दारात उंबरा आहे ना हेही बघून घ्या.

नवीन फ्लॅटचं पझेशन घेत असाल तर यापुढे जाऊन पाणी भरायची टेस्ट मागा. प्लास्टिकच्या पिशवीत कापड घालून ट्रॅपमध्ये घट्ट दाबायचं, उंबऱ्याच्या खाली राहील इतपत इंच-दीड इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने लेव्हलची खूण करायची आणि चोवीस तास ठेवायचं. दुसऱ्या दिवशी लेव्हल फार उतरली असेल, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खालच्या मजल्याच्या सीलिंगला ओल दिसली, तर लेखी तक्रार करायची. रीसेलमध्ये लोक राहत असतात, तिथे एवढं करता येत नाही, मग सरळ खालच्या फ्लॅटची बेल वाजवायची. संकोच वाटतो मला माहितीये, मला पण वाटायचा, पण खालच्या काकू दार उघडून जे सांगतील ते तुम्हाला वर कोणीच सांगणार नाही. बऱ्याचदा त्या हाताला धरून आत नेऊन सीलिंगच दाखवतात. आणि हे तुमच्याच पैशाचं आहे, कारण आपल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (म्हणजे सोसायटीच्या नियमावलीनुसार) गच्चीतून किंवा बाहेरच्या कॉमन पाइपमधून येणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, पण घराच्या आतल्या टॉयलेट, सिंकची गळती सभासदाच्या खर्चाने. म्हणजे फ्लॅट तुमच्या नावावर झाला की काकूंचं सीलिंग पण तुमच्याच नावावर.

बाथरूमला फॉल्स सीलिंग असेल तर त्यातली झडप उघडायला लावा, टॉर्च मारा. वरच्या फ्लॅटचं संकन तुमच्या डोक्यावर असतं. तिथे पांढरे ओघळ, गंजाचे डाग, उघडी पडलेली सळई काहीही दिसू शकतं. "ती झडप उघडत नाही हो" असं उत्तर आलं तर मी तरी दोन पावलं मागे येतो.

वासाबद्दल एक सांगायचंय. बरेच महिने बंद असलेल्या फ्लॅटमध्ये नहाणीतून गटाराचा वास येतो, तो प्रत्येक वेळी दोष नसतो, ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं आणि त्या पाण्यानेच खालचा वास अडतो. दोन मग पाणी ओता, खिडकी उघडा, तासाने परत वास घ्या. गेला तर ठीक. तरीही येत असेल तर ट्रॅपच चुकीचा बसवलाय किंवा पाइपाचा जॉइंट उघडा आहे. उलट घरभर डांबरगोळ्या आणि रूम फ्रेशनरचा मारा असेल तर समजून घ्या की काहीतरी झाकायचंय, चार वाजता परत येतो म्हणा आणि खिडक्या उघड्या ठेवायला सांगा.

आता खिडक्या. मुंबई-पुण्याकडे पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती जास्त झोडपल्या जातात. त्या बाजूच्या प्रत्येक खिडकीखालचा कोपरा हाताने चाचपा, नुसतं बघू नका, तळहात फिरवा. रंगाखाली फुगीर लागतंय का, पोपडे आहेत का, मिठासारखी पांढरी पूड बोटाला लागतेय का. हा लोणा. भिंतीतून पाणी बाहेर येताना सिमेंट-विटांमधले क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणजे भिंत आज कोरडी असली तरी लोणा सांगतो की पाणी इथून जातंय. मग स्लायडिंगचा खालचा ट्रॅक बघा, पाणी बाहेर जायला भोकं आहेत का, बुजलीयेत का, आणि बाहेरच्या बाजूला कठड्याचा उतार बाहेर आहे की घराकडे. घराकडे उतार असलेल्या खिडक्या मी नव्या कोऱ्या महागड्या बिल्डिंगमध्ये पाहिल्यात. पावसाळा नसेल तर एक पाइप घेऊन बाहेरून काचेवर आणि फ्रेमच्या कडेवर पाच मिनिटं पाणी मारून बघा, नवीन फ्लॅटमध्ये तर हे हक्काने करा.

रंगाची युक्ती ओळखायची एक साधी पद्धत आहे. संध्याकाळनंतर जा, खोलीतले दिवे बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीवर प्रत्येक फुगा, प्रत्येक पॅच, बुजवलेली भेग सावली टाकते. सगळं घर रंगवलंय याचा अर्थ काही नाही, विकताना रंगवतातच लोक, पण सगळं घर जुनं आणि एकाच भिंतीचा एकच तुकडा नवा असेल, किंवा एकाच भिंतीला पीव्हीसी पॅनल लावलंय, तर त्याच्या मागे काय आहे हे विचारायलाच हवं.

विचारण्यावरून आठवलं. "गळतं का हो?" असं विचारलं तर उत्तर नाही असंच येणार. "पावसाळ्यात बादली कुठे ठेवायला लागते?" असं विचारा, माणूस नकळत दिशा दाखवतो. वॉचमनला विचारा, घरकामाच्या मावशींना विचारा, त्यांना बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराची ओल माहीत असते. आणि मालकाला एक मेसेज लेखी टाका, की घरात गळती, वाळवी, इलेक्ट्रिकचा काही प्रॉब्लेम किंवा कॉलम-बीमची दुरुस्ती झाली असेल तर कळवा. याला कायद्याचा आधार आहे, ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अॅक्ट १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. "साधी काळजी घेऊनही" हे शब्द नीट वाचा. जे सहज दिसत होतं ते तुम्ही बघितलं नाहीत तर नंतर भांडायला जागा उरत नाही. मेसेजचं उत्तर काहीही येवो, जपून ठेवा.

घरातून बाहेर पडून खाली पार्किंगमध्ये जा. लोक हे करतच नाहीत आणि मला ते फार खटकतं, कारण बिल्डिंगची खरी तब्येत पार्किंगमध्ये दिसते. घरात कॉलमला पीओपी, वॉलपेपर, फर्निचर सगळं असतं, पार्किंगमधले कॉलम उघडे असतात. तळाशी गंजाचे तपकिरी ओघळ आहेत का, सळईच्या रेषेत उभी भेग गेलीय का, काँक्रीटचा पापुद्रा सुटून सळया दिसतायत का. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो, म्हणून कॉलम-बीममध्ये सळईच्या बाजूने गेलेली भेग ही वरवरची भेग नसते. समुद्राजवळच्या बिल्डिंगमध्ये, मुंबईची किनारपट्टी असो की मालवण, पणजी, खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं. तसंच जिन्याच्या लँडिंगचा खालचा भाग, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा तळ आणि ड्रेनेजची डक्ट (पाइप जातात तो उभा बोळ), या तीन जागा बघितल्याशिवाय मी होकार देत नाही. डक्टमध्ये वाकून बघा, पाइपांना पिंपळ फुटलेला असेल तर त्याची मुळं जॉइंटमध्ये गेलेली आहेत आणि तिथलं पाणी कोणाच्या तरी भिंतीत जातंय.

बिल्डिंग पंधरा वर्षांच्या वरची असेल तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा (बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीचा) रिपोर्ट मागा. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. रिपोर्ट नाहीच म्हणाले तर सोसायटी बिल्डिंगकडे कसं बघते ते कळलं, आणि आहे म्हणाले तर शेवटच्या पानावरच्या शिफारशी वाचा आणि विचारा की यातलं काय झालं आणि बाकीच्याची वर्गणी कधी निघणार. ती वर्गणी तुमच्या खिशातून जाणार असते.

घरातल्या भेगांनी मात्र उगाच घाबरू नका. सिपोरेक्सच्या (हलक्या काँक्रीटच्या) ब्लॉकची भिंत जिथे कॉलम किंवा बीमला मिळते तिथे सरळ रेषेत केसाएवढी भेग खूप ठिकाणी येते, दोन वेगळ्या मटेरियलच्या सांध्यावर जाळी मारून प्लास्टर केलेलं नसलं की येतेच, दिसायला वाईट पण धोका नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग थोडी लक्ष देण्यासारखी. व्हिजिटिंग कार्डाची कड आत जाते एवढी रुंद असेल, जिन्यासारख्या पायऱ्या करत भिंतभर गेली असेल किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंना त्याच जागी दिसत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय टोकन नको. आणि ओपन किचन दिसलं की मूळ मंजूर प्लॅन मागवा, कोणती भिंत पाडली, बीमला किंवा कॉलमला हात लावलाय का, बाल्कनी आत घेतलीय का, हे प्लॅन समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. त्याच वेळी टेपने कार्पेट एरिया मोजून घ्या, भिंती आतून आतपर्यंत. रेराच्या (बिल्डरांवरच्या कायद्याच्या) व्याख्येत आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत.

फरशी नाण्याने वाजवा. घट्ट बसलेली टणटणीत वाजते, खाली सिमेंट नसलेली पोकळ, डब्यासारखी. एखादा कोपरा पोकळ वाजला तर सोडून द्या, अख्खी फरशी, आणि अशा ओळीने पाच-सहा, तर पुढे त्या उचलणार. पोकळ फरशीवर पेन्सिलने फुली मारत जा आणि शेवटी खोलीचा फोटो काढा, तो फोटो पुढे कामाला येतो.

इलेक्ट्रिकचा दोष पाण्याइतका गाजत नाही पण जीव घेतो, म्हणून इथे कंजुषी नको. सॉकेट टेस्टर प्रत्येक तीन पिनच्या सॉकेटमध्ये घालून बघा, विशेषतः गीझर, वॉशिंग मशीन आणि किचनच्या. जुन्या बिल्डिंगमध्ये तिसरं भोक असतं पण मागे हिरवी वायर कापून नुसती गुंडाळून ठेवलेली असते, असं मी स्वतः पाहिलंय, आणि ते गीझरच्याच सॉकेटमध्ये. मग डीबी (स्विचची मेन पेटी) उघडून आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का बघा, ३० मिलीअँपचा असायला हवा, त्यावरचं टेस्टचं बटण दाबलं की खटकन पडला पाहिजे. पण बटणाने पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असं नाही हां, ते बटण फक्त आरसीसीबीच तपासतं, अर्थिंग वेगळं तपासावं लागतं. आणि इलेक्ट्रिशियनकडून मेन बंद करून एसी किंवा गीझरची एक प्लेट उघडून बघायला सांगा, की अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरवर ३२ अँपचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) तर बसवलेला नाही ना. असं असेल तर वायर जळेल पण एमसीबी पडणार नाही.

वाळवीसाठी दाराच्या चौकटी आणि कपाटाच्या मागचे कोपरे ठोकून बघा, मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर तिथे वाळवी आहे आणि आतलं लाकूड पोखरलेलं असू शकतं. तळमजला आणि कोकणातली जांभ्या दगडाची घरं यांना हा त्रास जास्त, शिवाय जमिनीतून वर चढणारी ओल वेगळी, ती भिंतीच्या तळापासून कमरेपर्यंत सारख्या उंचीवर दिसते, त्यावरून ओळखायची. सगळ्यात वरचा मजला असेल तर गच्चीवर जा आणि बरोबर तुमच्या बेडरूमच्या वर काय आहे ते बघा, टाकी आहे, लिफ्टची मशीन रूम आहे की पाणी साचलेलं शेवाळ. पाण्याचा प्रेशर बघताना एकच नळ सोडू नका, शॉवर, सिंक आणि फ्लश एकदम चालू करा.

नवीन फ्लॅट घेणाऱ्यांसाठी शेवटचं पण फार महत्त्वाचं. पझेशन लेटरमध्ये बहुतेक वेळा एक ओळ असते, की मी फ्लॅट तपासला असून माझी काही तक्रार नाही. किल्ल्या हातात, घरचे पेढे घेऊन उभे, सगळे सही करून टाकतात. सही करा पण त्या ओळीखाली हाताने लिहा, "सोबत जोडलेल्या यादीतील दोष वगळून", आणि यादी जोडा, खोलीप्रमाणे, फोटोसकट. घेतच नाहीत म्हणाले तर त्याच दिवशी ईमेल आणि स्पीड पोस्टाने पाठवा. रेरा कायदा २०१६ च्या कलम १४ प्रमाणे पझेशनपासून ५ वर्षांच्या आत स्ट्रक्चरचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष लक्षात आणून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा आहे. तीन वर्षं जुना फ्लॅट रीसेलमध्ये घेत असाल तरी या कायद्यात नंतर विकत घेणारा पण अलॉटीच (बिल्डरकडून फ्लॅट घेतलेला ग्राहकच) धरलेला आहे, म्हणून पहिल्या मालकाकडून मूळ पझेशन लेटरची कॉपी मागून घ्या, पाच वर्षं त्या तारखेपासून मोजतात. मामाची बिल्डिंग जुनी होती, त्याला हा मार्गच नव्हता. तुमची पाच वर्षांच्या आतली असेल तर पहिल्या पावसानंतर सगळ्या भिंतींचे तारखेसकट फोटो काढा, तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि पोचेवरच्या तारखेपासून ३० दिवस कॅलेंडरवर मोजायला लागा.